अस्तरातले शब्द

घुग्घुस
२० मे २०२५

वच्छलाबाईंना रहमतबीचा सलाम.

बाई, तुम्ही घुग्घुसच्या शाळेतून रिटायर होऊन पोंभुर्ण्याला गेल्या त्याला सहा वर्षं झाली, पण तुमचा मापाचा ब्लाउज अजून माझ्या पेटीत आहे. म्हणून मी समजते की आपली ओळख अजून चालू आहे.

आता खरी गोष्ट सांगते. मी दहावीत नापास झाली. हसू नका. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला हेच आमच्या गल्लीत कोणाले खरं वाटलं नाई. गणितात पास झाली, कारण जिंदगीभर इंच आणि सूतच मोजले. बाकीचे विषय पण काठावर निघाले. फक्त मराठीत गेली. चोवीस मार्क.

आणि मराठी तर मी दिवसभर बोलते! शाळा उर्दूत झाली, पण गिऱ्हाइकांशी मराठीतच भांडते. पेपरातली मराठी वेगळीच होती. आशय लिहा, रसग्रहण करा, स्वमत मांडा, आकलन कृती पूर्ण करा. घरी आल्यावर कळलं की उत्तरं मले येत होती. प्रश्नच उघडले नाई.

इथल्या महिला मंडळाचं शिवण केंद्र ऑगस्टमध्ये सुरू होणार आहे. बारा मशिनी आल्या आहेत, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. शिकवणारी बाई पाहिजे. गावातल्या निम्म्या पोरींना सुईत दोरा घालायला मी शिकवलं, पण शिकवणारीले दहावीचा दाखला लागते. मंडळाची सचिव दिव्या मॅडम म्हणाली, "रहमतबी, एकतीस जुलैपर्यंत दाखला आणा. नाई तर आम्हाले चंद्रपूरहून बाई बोलवावी लागते." जूनच्या शेवटी पुरवणी परीक्षा आहे.

बाई, मले त्या केंद्रात शिकवायचं आहे. माझ्याकडे एक मशीन आणि तिच्याभोवती सहा पोरी असतात. एक शिवते आणि पाच पाहतात. बारा मशिनी एकदम चालल्या तर कसा आवाज येते, तो मले एकदा ऐकायचा आहे.

रोज अर्धा तास फोनवर शिकवाल का? आमचे हे, नूर मोहम्मद, पंक्चरच्या दुकानावर बसून प्रत्येक ट्रकवाल्याले सांगतात की माझी बायको फक्त एकाच विषयात नापास झाली. असे सांगतात जसं काही मेडल भेटलं.

तुमची
रहमतबी


पोंभुर्णा
२६ मे २०२५

प्रिय रहमतबी,

अनेक आशीर्वाद. हसले नाही. चहा पिता पिता पत्र वाचत होते, तो मात्र थोडा सांडला.

फोनवर शिकवणार नाही. परीक्षा बोलून देता येत नाही. तुझं पत्र पाहून कळलं की तुझं डोकं चालतं, हात अडखळतो. तेव्हा तू मला पत्रं लिहायचीस. मी ती तांबड्या शाईने तपासून उत्तरासोबत परत पाठवीन. शिवाय आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती घरामागच्या मोहाच्या झाडाखाली, आणि तिथे दिवसभर माकडं बसलेली असतात. त्यांच्यासमोर व्याकरण शिकवायची माझी तयारी नाही.

सोबतचं तुझं पत्र पाहा. सतरा ठिकाणी तांबडं आहे. "मले" आणि "नाई" पेपरात चालणार नाही. माझ्याशी बोलताना खुशाल चालेल.

आता धडा. पाठ काही करू नकोस, शब्द फोडायला शिक. मोठ्या शब्दाच्या मुळाशी बहुधा एक छोटा शब्द दडलेला असतो. त्याला धातू म्हणतात. संस्कृतातला "ईक्ष्" घे. त्याचा अर्थ फक्त पाहणे. त्याच्यापुढे एखादं अक्षर, एखादा तुकडा जोडला की त्या पाहण्याची तऱ्हा बदलते. तो तुकडा म्हणजे उपसर्ग. "परि" म्हणजे सगळ्या बाजूंनी. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा. म्हणजे तुला सगळ्या बाजूंनी पाहून घेणं, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? "सम्" म्हणजे नीट, एकत्र. त्यापासून समीक्षा. "प्रति" म्हणजे एखाद्याच्या दिशेने. वाटेकडे डोळे लावून बसणं म्हणजे प्रतीक्षा. निरीक्षण, अपेक्षा आणि उपेक्षा हे तीन तुझ्यासाठी ठेवले आहेत. त्यातलं पाहणं कसलं आहे ते तू शोधून लिही.

केंद्राचं लिहिलंस. मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. तू अभ्यासाकडे लक्ष दे.

माझा मुलगा धनराज बुधवारी घुग्घुसला येतो आहे. त्याच्यासोबत ब्लाउजचं निळं कापड देते. घाई नाही, तुझा निकाल लागल्यावर शिव. नातीला, म्हणजे उर्वशीला, तू आठवतेस. तिच्या बाहुलीला तू घागरा शिवून दिला होतास.

तुझी
वच्छलाबाई


घुग्घुस
३१ मे २०२५

वच्छलाबाईंना सलाम.

तांबडं पाहून आमचे हे घाबरले. म्हणाले, "एवढं लाल काऊन? बाई रागावल्या का?" मी म्हणाली, गिऱ्हाइकाचा ब्लाउज पहिल्यांदा घालून पाहिला की मी पण अशाच खुणा करते. त्याच्याशिवाय बसत नाही.

तुमचा धडा मला पहिल्या वेळी कळला नाही. दुसऱ्या दिवशी गळा कापत होती तेव्हा एकदम कळला. ईक्ष् म्हणजे अंगाचं कापड. उपसर्ग म्हणजे गळा. कापड तेच, पण मटका गळा केला तर लग्नात घालायचं, बंद गळा केला तर शाळेच्या बाईचं. तुम्ही याला फोडणे म्हणता. आमच्यात फोडत नाही, उसवतात. नवीन फॅशनचा ब्लाउज आला तर मी आधी उसवून पाहते की कुठला तुकडा कुठे जोडला आहे.

तर उसवले. निरीक्षण म्हणजे जवळून, बारीक पाहणे, जसं मी सुईचं नाक पाहते. अपेक्षा म्हणजे कोणाच्या हाताकडे पाहत राहणे की काही देईल. उपेक्षा म्हणजे नजरेसमोर असून न पाहणे. बरोबर आहे का?

एक अडचण आली. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या तर पंख्यानं उडतात, आणि खडूनं लिहिलं तर पुसते. म्हणून अस्तराच्या कापडावर बॉलपेननं लिहायला लागली. कापड मशिनीवर ठेवलेलंच असते. पायानं पायडल आणि तोंडानं परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा. ईदचे कपडे, एका लग्नाचे ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म एकदम आले आहेत, तरी अभ्यास सोडला नाही.

तुमचं निळं कापड भेटलं. चांगलं आहे. तीस सेंटिमीटर जास्त पाठवलं, जसं नेहमी पाठवता.

तुमची
रहमतबी


पोंभुर्णा
५ जून २०२५

प्रिय रहमतबी,

तिन्ही उत्तरं बरोबर. आयुष्यभर उपसर्ग शिकवले, पण मटका गळा मला सुचला नाही. उर्वशी विचारते आहे की मग शब्दाची बाही कुठली? तिला सांगितलं, शेवटी जोडतात तो प्रत्यय. "सुंदर" या शब्दाला "ता" जोडलं की सुंदरता. गुण दाखवणाऱ्या शब्दापासून त्या गुणाचं नाव तयार होतं. "माणूस" आणि "की" मिळून माणुसकी. बाही बदलली की शब्दाचं काम बदलतं.

आता पेपरातले शब्द याच रीतीने उसव. "स्वमत" म्हणजे स्वतःचं मत. ते तुझ्याकडे भरपूर आहे, मी वीस वर्षं ऐकलं आहे. "आकलन" म्हणजे समजणं. "आशय" म्हणजे आतला मजकूर, काय सांगायचं आहे ते. "रसग्रहण" म्हणजे कवितेत काय गोड लागलं ते घेणं आणि काऊन गोड लागलं ते सांगणं. (पाहा, तुझा "काऊन" माझ्या पत्रात आला. त्याला तांबडं करणार नाही.)

हे पत्र उशिरा पोचेल. नाल्याजवळ रस्त्यावर वाघ बसतो आहे, त्यामुळे पोस्टमन एकटा निघत नाही, एसटीची गाडी सुटते तेव्हा तिच्यासोबत निघतो. मी म्हटलं, त्याला सांग पत्र परीक्षेचं आहे. पोस्टमन म्हणाला, "बाई, तुमीच सांगा त्याले."

रोज एक पान लिही. उत्तर येत असूनही वेळ पुरला नाही, असं होऊ देऊ नकोस.

तुझी
वच्छलाबाई


घुग्घुस
११ जून २०२५

वच्छलाबाईंना सलाम.

बाई, मोठा घोळ झाला. माझी इज्जत गेली आणि गल्लीला हसायला भेटलं.

मी अस्तरावर शब्द लिहीत होती ते तुम्हाला सांगितलं होतं. ईदच्या आधी काम इतकं होतं की कुठलं अस्तर अभ्यासाचं आणि कुठलं गिऱ्हाइकाचं हे पाहायचंच राहिलं. सगळे शिवून टाकले. नऊ ब्लाउज गेले.

लग्न होतं वेकोली कोळसाखाणीच्या क्वार्टरमधल्या नूतनचं. हळदीच्या दिवशी तिच्या मावशीनं ब्लाउज उलटा करून पाहिला तर आत निळ्या शाईत मोठं लिहिलेलं "परीक्षा". मावशी म्हणे, "खरंच तं लिहिलं आहे, पोरीले आधीच सांगून ठेवलं ते बरं झालं." सासूच्या ब्लाउजात "प्रतीक्षा" निघाली. ती चार दिवस लोकांना दाखवत फिरली की माझ्या सुनेची मी किती वाट पाहिली ते टेलरबाईलेही माहीत होतं. आता बायका दुकानात येऊन आधी ब्लाउज उलटा करून पाहतात. एकीला काही निघालं नाही तर ती नाराज झाली. म्हणाली, "माह्या नशिबात एकही शब्द नाई का?" तिला बसवून लिहून दिला. मग अर्थ विचारला, तो पण सांगितला. दोन-तीन बायका आता रोज येतात आणि एक शब्द उसवून जातात.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण एक ब्लाउज दिव्या मॅडमचा होता. आणि बाई, त्याच्या पाठीच्या अस्तरात "उपेक्षा" लिहिलं होतं.

ती दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ब्लाउज टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "रहमतबी, टोमणाच मारायचा होता तर तोंडावर मारायचा. मी काय केलं? नियम मी नाई बनवला." मी सांगत राह्यली की मॅडम, हा अभ्यास आहे, सगळ्यांच्या ब्लाउजात काही न काही आहे. तिला पटलं नाही. नियम कोणी बनवला ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

अस्तर बदलून दिलं. पण मला वाईट वाटून राह्यलं. दाखला भेटला तरी आता ती मला घेईल का?

तुमची
रहमतबी


पोंभुर्णा
१६ जून २०२५

प्रिय रहमतबी,

तुझ्या पत्राच्या आधी दिव्याचा फोन आला होता. मोहाखाली उभी राहून तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला समजावलं आहे, तिचा राग उतरला. ती काळजी सोड.

पण तुला एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते आता लिहिलं नाही तर मला शिक्षिका म्हणवून घेता येणार नाही.

तो नियम मी बनवला. गेल्या वर्षी मंडळाला केंद्राची नोटीस लिहायची होती. माझं मराठी चांगलं म्हणून दिव्याने मसुदा मला करायला सांगितला. मी पंधरा मिनिटांत लिहून टाकला. "किमान शैक्षणिक अर्हता: दहावी उत्तीर्ण." सगळ्या नोटिशींत असतं म्हणून लिहिलं. शिवण शिकवायला दहावी कशाला लागते, हा प्रश्न मला पडलाच नाही. दिव्याने एकदा विचारलं होतं, "बाई, मग आपल्या रहमतबीचं काय?" त्यावर मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मोठ्या ऐटीत म्हटलं. अंगावर तूच शिवलेला ब्लाउज होता.

तू मला लिहिलंस की उपेक्षा म्हणजे नजरेसमोर असून न पाहणं. मी त्यावर बरोबरची खूण केली, आणि खूण करताना माझा हात थांबला होता. त्याआधीच्या पत्रात मी लिहिलं की केंद्राबद्दल मला फारसं ठाऊक नाही. ते खोटं होतं. मला लाज वाटली म्हणून खोटं लिहिलं.

सोबत अर्ज पाठवते आहे. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला दहावीची अट लावू नये, असं मी मंडळाला लिहिलं आहे. माझी सही केली आहे. तू खाली सही करून दिव्याला दे. ती तयार आहे. मग परीक्षा दे किंवा देऊ नको, केंद्र तुझंच आहे.

रागावली असशील तर तसं लिही. तांबडी शाई काढणार नाही.

तुझी
वच्छलाबाई


पोंभुर्णा
२४ जून २०२५

प्रिय रहमतबी,

आठ दिवस झाले, तुझं पत्र नाही. दिव्याला विचारलं, तिच्याकडे अर्जही आला नाही. नाल्यावरचा वाघ पलीकडच्या जंगलात गेला म्हणतात, म्हणजे त्याच्यावरही ढकलता येत नाही.

उद्या तुझा मराठीचा पेपर. हे पत्र तोवर पोचणार नाही, तरी लिहिते आहे. इकडे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकणं चालू आहे, घरातले सगळे शेतावर बांधीत आहेत आणि मी ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहते आहे. प्रतीक्षा हा शब्द तुला फार सोपा करून सांगितला होता मी.

मन लावून लिही. माझ्यावरचा राग पेपरवर काढू नकोस.

तुझी
वच्छलाबाई


घुग्घुस
२७ जून २०२५

बाई, सलाम.

तुमची दोन्ही पत्रं भेटली. राग नाही. तीनशे युनिफॉर्म होते. तेवीस तारखेला शाळा उघडली आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत पोरं दुकानात चड्डीची वाट पाहत उभी होती. मग पेपर आला. पत्र लिहिलं असतं तर ते पान अभ्यासातून कापलं गेलं असतं. तुम्ही ओसरीवर बसून राह्यल्या ते वाचून मात्र मला बरं नाही वाटलं.

आधी पेपरचं सांगते. उताऱ्यात एक सुईण होती. ती जंगलातल्या पाड्यांवर चालत जाऊन बाळंतपणं करते आणि कोणाकडून काही घेत नाही. प्रश्न आला, "सुईणीच्या वागण्यातील निरपेक्षता तुमच्या शब्दांत स्पष्ट करा." हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. मार्चमध्ये असाच प्रश्न मी सोडून दिला होता. मग म्हटलं, रहमतबी, उसव. शेवटची बाही काढली, ता. पुढचा गळा काढला, निर्. निर् म्हणजे नसणे, निर्दोष, निर्मळ. मधे राहिली अपेक्षा. आणि अपेक्षेच्या आत आपला ईक्ष्, तो तर घरचाच. तीन शिवणी उसवल्या आणि अर्थ हातात आला. कोणाच्या हाताकडे न पाहणे. बाई, मी बेंचवर बसून हसली. सुपरवायझर म्हणाला, "काकू, काय झालं?"

दीड पान लिहिलं. सुईणीचं लिहिलं आणि स्वमतात तुमचं लिहिलं. की माझी एक बाई आहे, ती वाघ बसला तरी पत्र पाठवते. पण मी हे पण लिहिलं की ती पूर्ण निरपेक्ष नाही, तिच्या मनावर एक ओझं होतं, आणि ओझं असलेल्या माणसाचं शिकवणंही खरंच असते. तपासणाऱ्याला काय कळेल ते कळेल.

आता नियमाचं. बाई, मले माहीत होतं.

गेल्या वर्षी नोटीस लागली त्या दिवशी मी मंडळाच्या भिंतीसमोर उभी राहून ती तीनदा वाचली. "किमान शैक्षणिक अर्हता" काही कळलं नाही. पण खाली कोपऱ्यात "मसुदा: वच्छला भोयर" आणि तुमची सही होती, ते कळलं. कापड दिल्यावर माझ्या वहीत वीस वर्षं तुम्ही तीच सही करत होत्या. मग एका पोरीला विचारलं, अर्हता म्हणजे काय? तिनं सांगितलं.

राग आला होता, खोटं काऊन बोलू. तुमचा मापाचा ब्लाउज पेटीतून काढून चिंध्यांच्या बोचक्यात टाकला. कित्येक महिने तिथंच पडून होता. फॉर्म पण रागातच भरला, की आता पास होऊनच दाखवते. मग मराठीत नापास झाली आणि विचार केला की आता शिकवेल कोण? दुसऱ्या कोणाले लिहिलं असतं तर त्यानं फुरसतीनं शिकवलं असतं. तुम्ही जीव लावून शिकवाल हे मले माहीत होतं. ब्लाउज बोचक्यातून काढला, धुतला, पेटीत ठेवला आणि मग पहिलं पत्र लिहिलं.

तुमचा अर्ज दिव्या मॅडमला दिला नाही. कागद चांगला जाड होता, त्याची बाहीच्या नमुन्याची कटिंग काढली. माझ्यासाठी माप सैल करू नका, बाई. सैल मापाचा ब्लाउज मले आयुष्यभर खांद्यावर सावरत बसावा लागेल. चंद्रपूरची बाई आली तर येऊ द्या. पण पुढच्या वर्षी माझ्यासारखी कोणी दुसरी आली तर तिच्यासाठी नियम नक्की बदला. तो अर्ज पुन्हा लिहा, मी सही करते.

या पत्रात "मले" आला आहे. मुद्दाम ठेवला. तांबडं करू नका.

तुमची
रहमतबी


घुग्घुस
६ ऑगस्ट २०२५

वच्छलाबाईंना सलाम.

निकालाचा फोन मोहाखाली घेऊन उर्वशीनं तुम्हाला सांगितलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहू द्या. मराठी, सदुसष्ट. सगळ्या विषयांत जास्त. आमच्या यांनी दुकानाच्या पाटीवर खडूनं लिहिलं, पंक्चरच्या वर. ट्रकवाले विचारतात, "सदुसष्ट काय?" आणि हे पूर्ण कहाणी सांगतात. एका ट्रकचं पंक्चर त्यात तासभर राहिलं.

दाखला तीस जुलैला मंडळात नेला. दिव्या मॅडमनं पाहिला, मग मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "बसा, बाई." बाई, आजपर्यंत ती मला नाव घेऊनच बोलवत होती. मी पटकन बसली नाही. मागे वळून पाहिलं की तुम्ही आल्या की काय.

रविवारी मशिनींचं प्लास्टिक काढलं, तेल दिलं. माझ्या सहा पोरी, ब्लाउज उलटा करून पाहणाऱ्या त्या तीन बायका आणि शेजारच्या दोघी मदतीला आल्या. बाराव्या मशिनीचा पट्टा ढिला आहे, बाकी अकरा एकदम चालवून पाहिल्या. काय आवाज आहे, बाई! मी दाराबाहेर जाऊन ऐकला. डोळ्यात पाणी आलं, सगळ्यांसमोर आलं.

मॅडमनं पहिलं काम दिलं, मुलींना बोलवायची नोटीस लिहायची. मी तिथेच बसून लिहिली. अशी आहे:

"शिवण शिकायला या. जिला शिकायचं आहे ती येऊ शकते. शाळा किती झाली हे कोणी विचारणार नाही. कैची असेल तर आणा, नसेल तर इथे आहे. ही नोटीस वाचता येत नसेल तर आत या, आम्ही वाचून दाखवू.
रहमतबी नूर मोहम्मद, शिक्षिका."

आमचे हे म्हणाले, "जिले वाचताच येत नाई तिले शेवटची ओळ कशी कळन?" बरोबर होतं. म्हणून एक नोटीस त्यांच्याच दुकानाला लावली आणि त्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाचून दाखवा. कहाणीसोबत.

नोटिशीची एक नक्कल पाठवते. भिंतीवर लावायच्या आधी तांबड्या शाईनं तपासून द्या. उद्घाटन एकोणीस तारखेला, मंगळवारी आहे. तुम्हाला यायचं आहे. सोबत तुमचा निळा ब्लाउज आहे, जुन्याच मापाचा. अस्तरात काही लिहिलं नाही, शोधत बसू नका.

तुमची
रहमतबी


पोंभुर्णा
११ ऑगस्ट २०२५

प्रिय रहमतबीबाई,

नोटीस परत पाठवते आहे. चष्मा लावून दोनदा वाचली, तांबडं पेन उघडून बसले होते. एकही खूण केली नाही. जशी आहे तशी लाव. माझी जुनी नोटीस अजून भिंतीवर असेल तर ती काढून त्याच जागी लाव.

नियम बदलण्याचा अर्ज पुन्हा लिहून सोबत दिला आहे, या वेळी पातळ कागदावर, म्हणजे कटिंगला चालणार नाही. तुझी सही बाकी आहे.

तू शोधू नका म्हणालीस, म्हणून ब्लाउज घरी आल्याबरोबर उलटा केला. गळ्यापाशी काही नव्हतं, पाठीवर नव्हतं. मग उर्वशीने दाखवलं. डाव्या काखेखाली, शिवणीला लागून, बारीक निळ्या अक्षरांत तुझी सही. आधी उर्दूत आणि तिच्याखाली मराठीत. उर्वशी म्हणाली, "आजी, रडून काऊन राह्यली?" तिला म्हटलं, शाई पक्की आहे का ते पाहते आहे.

ब्लाउज अंगाला बरोबर बसला. मंगळवारी तोच घालून पहिल्या गाडीने येते. बाराव्या मशिनीचा पट्टा तोवर नीट करून घे, मला बाराही ऐकायच्या आहेत.

तुझी
वच्छला